इंदूरच्या मराठीत रॅप कसं करायचं: माइक नंतर, आधी मोबाईलवर स्वतःला बोलताना ऐक

आधीच सांगून टाकतो, मी काही नाव झालेला माणूस नाही. दिवसभर सियागंजात एका होलसेलवाल्याकडे बिलं काढतो आणि रात्री कपाटात तोंड घालून रॅप करतो, कपाटात म्हणजे खरंच कपाटात, त्यावर येतोच पुढे. आठ वर्षं झाली हे चालू आहे. लेबल नाही, मॅनेजर नाही, बीट, म्हणजे गाण्यामागचं संगीत, विकत घेतो नाहीतर मित्राकडून बनवून घेतो, बाकी लिहिणं, रेकॉर्डिंग, अपलोड, पोस्टर सगळं एकट्याचं. आता गल्लीतली पोरं येतात आणि पहिलाच प्रश्न टाकतात, दादा माइक कोणता घेऊ. अरे माइकचं नंतर बघू, आधी तुझ्या खिशातला मोबाईल काढ.

पहिलं काम हे. मित्राबरोबर ओट्यावर बस, असा विषय काढ ज्यावर तुझं रक्त गरम होतं, क्रिकेट म्हण, भाडं म्हण, ऑफिसातला साहेब म्हण, आणि रेकॉर्डर चालू ठेव (मित्राला सांगून ठेव, चोरून नको). दहा मिनिटं झाली की बंद. दुसऱ्या दिवशी इयरफोन लावून ऐक आणि जे बोललास ते जसंच्या तसं वहीत उतरव, अडखळलास तर ते पण, हिंदी घुसली असेल तर ती पण, "अरे भिया सुन तो" म्हटलं असशील तर तसंच (भिया म्हणजे आपल्याकडचं भैया). एका बैठकीत होणार नाही, कंटाळा येईल, स्वतःचा आवाज ऐकून लाज वाटेल, मला तर पहिल्यांदा वाटलं हा कोण नाकात बोलून राहिला. पण तुझा फ्लो, म्हणजे बीटवर बोलायची तुझी चाल, त्या वहीत आहे, बाहेर कुठे शोधायला जाऊ नको.

हे मला उशिरा कळलं. माझा आतेभाऊ पुण्याचा, लहानपणी सुट्टीत आला की मी "काय करून राहिला" म्हटलं की हसायचा, म्हणायचा ही कुठली मराठी. ते डोक्यात बसलं. मग पहिली तीन गाणी मी अशा मराठीत लिहिली जी मी घरात कधी बोललो नाही, अर्धी पुण्याची, अर्धी मुंबईच्या रॅपरांची ऐकून उचललेली, लोकल ट्रेनवर एक अख्खा व्हर्स (गाण्याचं कडवं) लिहिला होता, मी लोकलमध्ये आयुष्यात दोनदा बसलोय. मोठ्या तोऱ्यात राजवाड्यासमोर मित्राला ऐकवलं तर तो कचोरी खाता खाता म्हणाला, "भिया बीट सही आहे, पण हा बोलून कोण राहिला?" आठवडाभर त्याच्याशी बोललो नाही. बरोबर होता तो.

आता नीट बघ, "काय करतोयस रे" आणि "काय करून राहिला रे", दोन्ही मोठ्याने म्हण. पहिल्यात "यस"वर तोंड मिटतं, स हवेत निघून जातो. दुसऱ्यात "करून राहिला" गडगडत येतं आणि "ला"वर तोंड उघडं राहतं, म्हणजे तो शेवटचा स्वर तू पाहिजे तितका ताणू शकतोस, बीटच्या मागे लोळवू शकतोस. ही आपल्याकडची मराठी, होळकरांच्या काळापासून माळवी आणि हिंदीच्या मांडीला मांडी लावून बसलेली, तिला स्वतःची चाल आहे. पुण्यात शुद्ध वाटेल न वाटेल, बीटवर फार भारी बसते. त्यात एक अट आहे, मुद्दाम घालायची नाही. दर ओळीत भिया-भिया केलं की ते नाटकातलं पात्र होतं. वहीत जितकं सापडलं तितकंच.

मोजायला शिक, पण बोटांनी

रॅपमध्ये एक बार म्हणजे चार बीट, इथे बीट म्हणजे ठोका. साधारण व्हर्स सोळा बारचा, म्हणजे चौसष्ट बीट. बीटचा वेग बीपीएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती ठोके. जुन्या धाटणीचं बूम बॅप साधारण ८५ ते ९५ला असतं, ट्रॅप हा नवा प्रकार १३० ते १५०च्या आसपास, पण ते निम्म्या वेगाचं वाटतं कारण स्नेअर (ड्रमचा कडक ठोका) उशिरा येतो. ९० बीपीएमला एक बार पावणेतीन सेकंदांहून थोडा कमी, सोळा बार ४३ सेकंद धर. एवढ्यात तुला बोलायचंय. म्हणजे बघ, ४३ सेकंदांत माणूस एक गोष्ट सांगू शकतो, चार नाही, नवीन पोरं पहिल्याच व्हर्समध्ये गरिबी, ब्रेकअप, सिस्टम आणि मम्मी सगळं कोंबतात.

एक घोळ आपल्या लोकांचा हमखास होतो. भजनाची सवय, टाळी समेवर, म्हणजे एकवर. इथे कडक आवाज, स्नेअर, दोनवर आणि चारवर पडतो. म्हणून बीट लावून आधी नुसत्या टाळ्या वाजव, दोन आणि चार, पंधरा मिनिटं, चालता चालता. वेड्यासारखं दिसेल. हात आपोआप जायला लागला की मगच शब्द घाल.

आणि अक्षरं वहीत मोजू नको, तोंडात मोज. "राजवाडा" लिहिताना चार अक्षरं, बोलताना राज्-वा-डा तीन. "करतो" म्हणजे कर्-तो, "इंदूर" म्हणजे इं-दूर्. कागदावर मोजून लिहिलेली ओळ बीटवर दोन पावलं कमी पडते आणि मग पोरगा मध्ये "यो" घालतो.

ट्रिपलेट फ्लो म्हणतात ना, एका बीटमध्ये तीन अक्षरं, टकिट टकिट घोड्यासारखा, तो शिकायला यूट्यूब नको. आजीला सांग, समर्थांचे मनाचे श्लोक म्हण. ते भुजंगप्रयातात आहेत, एका चरणात बारा अक्षरं, लघु-गुरु-गुरु असे चार गण. चार गण, चार बीट, दर बीटला तीन अक्षरं, झाला की ट्रिपलेट! मी ठोके देणारा मेट्रोनोम ९०ला लावून आजीला म्हणायला बसवलं होतं, ती म्हणाली हे टकटक बंद कर, मला लय माहीत आहे. खरंच माहीत होती, एक ठोका इकडचा तिकडे झाला नाही तिचा. मग त्याच मापात मी माझी ओळ लिहिली, "निघालो दुपारी, उन्हाचा तवा हा", आणि पुढची, "खिशाचा सराफा रिकामा कधीचा". म्हणून बघ ठोक्यावर, आपसूक बसते. अख्खं गाणं असं लिहू नको, कंटाळवाणं होईल, चार बार असे आणि मग मोडायचं, मोडलं की ऐकणारा दचकतो.

कटाव पण शोध. अठराव्या शतकात अमृतराय कटाव रचायचे, अनुप्रासाची नुसती झोड, एका दमात म्हणायची रचना. मला खजुरी बाजारात जुन्या पुस्तकांत एक फाटका संग्रह मिळाला त्यात वाचले. वाचताना जीभ अडकते, तीच तर मजा, जिभेचा व्यायाम म्हणून रोज दहा ओळी म्हण.

यमक: प्रत्यय जुळवला म्हणजे यमक नाही

मराठीत यमक फार सोपं आहे आणि तीच अडचण आहे. क्रियापद शेवटी येतं, मग केलं-गेलं-झालं-आलं, चार ओळी तयार, पाचव्या ओळीला माणूस झोपतो. विभक्तीचं पण तेच, "रस्त्यात" आणि "डोक्यात" जुळलं म्हणून खूश व्हायचं कारण नाही, जुळला तो नुसता "त", मूळ शब्द एकमेकांचे कोणी नाहीत.

दोन उपाय. एक, क्रियापद उचलून ओळीच्या मध्ये टाक. "मी सराफ्यात उभा राहिलो" नाही, "उभा राहिलो मी रात्रीच्या सराफ्यात". बोलताना पण आपण असंच बोलतो, रागात असलो की तर नक्कीच. दोन, शेवटचं अक्षर सोड आणि मागचे स्वर पकड. सराफ्यात, पसाऱ्यात, गराड्यात, तिन्हींत "आ"ची चाल एक आहे, व्यंजनं वेगळी, म्हणून कानाला गोड आणि शिळं नाही. राजवाडा, आज वाढा, लाज काढा. हे खाणावळीवर लिहीत होतो तेव्हा सापडलं, सापडल्यावर मी एकटाच ओरडलो, आईला वाटलं पाल पडली.

वहीच्या शेवटच्या पानांवर अशा जोड्या लिहीत जा, गाण्यासाठी नाही, नुसत्याच. पाट्या वाच. सिटी बसमधून जाताना दुकानांच्या पाट्यांना यमक शोध. मोरोपंत आर्यांतून यमकांची काय आतषबाजी करायचे, शाळेत आपण झोपा काढल्या, आता परत वाचतो तेव्हा वाटतं हा माणूस आज असता तर रॅपच्या बॅटलमध्ये (समोरासमोरच्या झुंजीत) सगळ्यांना घरी पाठवलं असतं. अर्थाची ओढाताण मात्र तिथे पण होते, यमकापायी, हे बघून ठेव. यमक आणि खरी गोष्ट यांच्यात भांडण लागलं तर यमक सोडायचं. हे मी माझ्या वडिलांकडून शिकलो, ते पण सांगतो.

आमचे आजोबा मिलमध्ये होते. इंदूर म्हणजे मिलचं गाव, आता पोरांना फक्त अनंत चतुर्दशीच्या रात्रीच्या झांक्या (सजवलेले चित्ररथ) माहीत आहेत, त्या मिल कामगारांनी सुरू केल्या आणि मिली बंद पडल्यावरही निघतात. तर मी आजोबांवर व्हर्स लिहिला, "सायरन"ला यमक म्हणून "आयरन" आणि "पायरन" असं काहीतरी (पायरन म्हणजे काय मला पण माहीत नाही, घुसवलं होतं). फार हिंमत करून बाबांना ऐकवलं, मला वाटलं डोळ्यांत पाणी वगैरे येईल. ते पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "सायरन कोण म्हणायचं? भोंगा म्हणायचे. आणि तू लिहिलंय आजोबा सकाळी निघायचे, ते तर रात्रपाळीला होते, सकाळी घरी यायचे, आम्ही शाळेला निघायच्या वेळी. चपला बाहेरच झटकायचे, कापूस असायचा." आणि परत पेपर वाचायला लागले.

कापूस! सोळा बार लिहिले मी त्या माणसावर आणि चपलेतला कापूस मला माहीत नव्हता. सगळा व्हर्स फाडला. सायरन गेला, आयरन गेलं, नवीन लिहायला दीड महिना लागला कारण आता प्रत्येक ओळ बाबांना विचारून लिहीत होतो, कधी ते सांगायचे कधी "काय डोकं खाऊन राहिला" म्हणायचे. आमच्या दोघांत त्याआधी मार्कशीट आणि पेट्रोल सोडून बोलणंच नव्हतं. म्हणून माझा नियम झाला, घरातल्या माणसावर लिहायचं तर आधी त्याला तीन प्रश्न विचार ज्यांची उत्तरं तुला माहीत नाहीत. आणि गाणं बाहेर सोडायच्या आधी त्याला ऐकव. तो नको म्हणाला तर नको. एकदा बहिणीचं एक जुनं प्रकरण मी व्हर्समध्ये घातलं होतं, तिने फक्त बघितलं माझ्याकडे, डिलीट केलं तिथल्या तिथे.

कपाटातला स्टुडिओ

आता माइक. बंद एसी रूम नसेल, आणि कुणाकडे असते, तर महागड्या कंडेन्सर माइकच्या मागे लागू नको. कंडेन्सर नाजूक असतो, ४८ व्होल्टचा फँटम पॉवर, म्हणजे वायरीतून वीज, लागतो आणि तो शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या पण प्रेमाने पकडतो. साध्या घरात डायनॅमिक माइक बरा, स्टेजवर जो जाळीच्या गोळ्याचा दिसतो तसा, तो समोरचं ऐकतो, मागचं बरंचसं सोडून देतो. सोबत माइक कॉम्प्युटरला जोडायला एक छोटा यूएसबी इंटरफेस. सेकंडहँड चालतं, पण घेताना तिथेच वायर लावून दहा मिनिटं रेकॉर्ड करून बघ, नुसता दिवा लागला म्हणजे चालू आहे असं नाही, हे मी जेलरोडवर पैसे घालवून शिकलो.

भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवू नको, त्याने काही होत नाही, झुरळं होतात. कपड्यांनी भरलेलं कपाट उघड, दोन्ही दारांवर गोधड्या टाक, माइक कपड्यांच्या बाजूला नाही तर तुझ्या बाजूला तोंड करून ठेव आणि तू कपड्यांकडे तोंड करून बोल. पाठीमागे पण एक रजई टांग, दोरीवर. आवाज घुमायचा बंद होतो, हेच पाहिजे. माइकपासून एक वीत अंतर. गेन, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवायचा ते बटण, इतकाच ठेव की सगळ्यात जोराच्या शब्दाला मीटर उणे १० डेसिबलच्या आसपास जाईल, लाल झालं की तो टेक, म्हणजे तेवढं रेकॉर्डिंग, गेला, नंतर कोणी दुरुस्त करू शकत नाही. ४४.१ किलोहर्ट्झ, २४ बिट, हे एकदा सेट कर आणि विसर.

पंखा बंद. हो, मे महिन्यात पण. मी बनियनवर रेकॉर्ड करतो, बाजूला ओला टॉवेल. वेळ रात्री एकनंतरची, कारण सकाळी घेतलेल्या माझ्या निम्म्या टेकमध्ये मागे कचरागाडीचं गाणं आहे, देशात स्वच्छतेत पहिला नंबर आणायचा तर ते वाजणारच, तक्रार नाही, पण माझ्या सगळ्यात चांगल्या टेकवर ते तालात वाजलंय आणि बीट वेगळ्या वेगात आहे.

श्वास वहीत लिही. जिथे श्वास घेणार तिथे उभी रेघ. रेघ मारायला जागाच नसेल तर ती ओळ चुकली आहे, कापून जोडता येतं रेकॉर्डिंगमध्ये, पण स्टेजवर कोण जोडणार. माझा सराव असा, व्हर्स म्हणत तीन मजले चढायचे. पहिल्या दिवशी दुसऱ्या मजल्यावर बसलो होतो. आणि हळू म्हणायचा सराव, ९०चं गाणं ५०ला. लोक हसतात, पण आपल्याच गावचे उस्ताद अमीर खाँ (१९१२–१९७४), ज्यांच्या नावाने इंदूर घराणं ओळखतात, त्यांचा विलंबित ख्याल ऐक, चौदा मात्रांचा झुमरा इतका सावकाश की दोन मात्रांच्या मध्ये माणूस चहा पिऊन येईल, आणि तरी एक सूर डळमळत नाही. हळू म्हणताना लपायला जागा नसते, कुठला शब्द तोंडात खाल्लास लगेच कळतं. रेकॉर्डिंगच्या आधी पोहे खायचे असतील तर जीरावण (पोह्यांवरचा मसाला) कमी, शेव नको, घशात एक कण अडकला की अख्खी रात्र खाकरण्यात जाते.

मुख्य टेक एक, त्यावर ठरावीक शब्द परत म्हणून दुहेरी, बस. मिक्सिंगचं थोडक्यात: आवाजातला ८०-१०० हर्ट्झच्या खालचा घुंघुं काप, हलका कम्प्रेसर (आवाजाचे चढउतार सारखे करतो तो) लाव, स-श फार टोचत असतील तर तेवढे दाब, आणि बीट आवाजापेक्षा खाली ठेव, तुला शब्द पाठ आहेत, ऐकणाऱ्याला नाहीत. मोबाईलच्या स्पीकरवर ऐक, मग रिक्षात बसून ऐक. फार ठोकून मोठं करायची गरज नाही, स्पॉटिफायसारखे ॲप स्वतःच सगळ्यांचा आवाज साधारण उणे १४ लफ्सला (हे आवाजाचं माप) आणून ठेवतात, तू भिंत उभी केलीस तरी ते खाली ओढणार. मी एकदा एका स्टुडिओला तीन महिन्यांची बचत देऊन मिक्स करून घेतलं होतं, दोन महिने फिरवलं आणि जे दिलं त्यात माझा आवाज विहिरीतून येत होता. तेव्हापासून स्वतः शिकलो, वाईट करतो पण माझं वाईट करतो.

बीट, कागद आणि पैसे

हे वाचायला बोअर आहे तरी वाच. नेटवरून बीट "लीज"वर, म्हणजे भाड्याने, घेतोस तेव्हा ती तुझी होत नाही, तीच बीट अजून पन्नास जणांकडे असते. किती स्ट्रीमपर्यंत चालेल, व्हिडिओ चालेल का, हे लायसन्सच्या कागदात असतं, पोरं वाचत नाहीत. मी पण नाही वाचलं. माझ्या गाण्यावर यूट्यूबचा क्लेम (दुसऱ्याच्या हक्काचा दावा) आला, कारण तीच लीजची बीट घेतलेल्या दुसऱ्या कुणीतरी आपलं गाणं कंटेंट आयडीत, म्हणजे यूट्यूबच्या गाणी ओळखणाऱ्या यंत्रणेत, टाकलं होतं, जे अशा सामाईक बीटवर करायचंच नसतं. सोडवायला पाच आठवडे लागले, आणि सुटलं ते फक्त लायसन्सची पीडीएफ मेलमध्ये सापडली म्हणून. तर पीडीएफ जपून ठेव.

मित्राने बीट बनवली तरी कागद कर. कागद म्हणजे स्टँपपेपरच पाहिजे असं नाही, पण लिहिलेलं आणि दोघांच्या सह्या. तुझे शब्द तू लिहिलेस की कॉपीराइट तुझाच, नोंदणी केली नाही तरी. पण तो कुणाच्या नावे करून देणं मात्र तोंडी होत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात आहे, करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि कुठल्या देशासाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारत. म्हणून उद्या कोणी लेबलवाला आला आणि "सर्व काळासाठी, सर्व जगासाठी" असं छापलेलं पुढे सरकवलं तर ते शब्द तिथे का आहेत हे तुला कळलं पाहिजे. २०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला हिस्सा बराचसा राखलेला आहे, तो गोळा करायला आयपीआरएस नावाची सोसायटी आहे, गाणी बाहेर आली असतील तर मेंबर होऊन टाक.

स्ट्रीमिंगच्या पैशांवर घर चालणार नाही. २०२४पासून स्पॉटिफायवर एका गाण्याला बारा महिन्यांत किमान हजार स्ट्रीम नसतील तर त्याचे पैसेच मोजत नाहीत. माझी अकरा गाणी आहेत, हजार पार केलेली चार. नोकरी सोडून "फुलटाइम आर्टिस्ट" व्हायचं वेड मला पण आलं होतं, सहा महिने सोडली, त्या सहा महिन्यांत एक गाणं लिहिलं, ते पण पैसे नाहीत यावर. सियागंजात परत लागलो तर त्या गोदामातून वर्षभराचा माल मिळाला, हमालांची मोजायची लय, व्यापाऱ्यांच्या शिव्या, सगळं वहीत आहे.

रिलीजसाठी डिस्ट्रिब्युटर लागतो, तो गाणं सगळीकडे पाठवतो आणि प्रत्येक गाण्याला बारा अक्षरी आयएसआरसी नंबर, म्हणजे त्या रेकॉर्डिंगची ओळख, मिळतो, तो वहीत लिहून ठेव, डिस्ट्रिब्युटर बदललास तर तोच नंबर परत द्यायचा म्हणजे जुने आकडे जात नाहीत. तारीख किमान तीन-चार आठवडे पुढची टाक, स्पॉटिफायच्या एडिटरांना गाणं पाठवायचं असेल तर रिलीजच्या सात दिवस आधी तरी पाठवावं लागतं. आणि रिलीजच्या दिवशी फोन घरी ठेवून बाहेर जा. मी आधी दर दहा मिनिटांनी आकडा बघायचो, ४३, ४३, ४४, तो ४४वा पण मीच. माझ्याबरोबर सुरुवात केलेल्या एका पोराचं रील उडालं, लाखांत गेलं, मी त्याला "भारी भावा" लिहिलं आणि रात्री दोन वाजता त्याच्या गाण्यातल्या चुका मोजत बसलो होतो. सात सापडल्या. मग स्वतःच्या गाण्यात मोजल्या, एकोणीस. ही सवय तेवढी ठेवली, फक्त पहिला भाग सोडला.

मत विचारायला दोनच माणसं ठेव, एक जो रॅप ऐकतो आणि एक जो ऐकत नाही. माझ्याकडे तो कचोरीवाला मित्र आणि आई. आई सानंद या इथल्या मराठी संस्थेची नाटकं बघून बघून तयार झाली आहे, शब्द तोंडात खाल्ला की पहिल्या ओळीत पकडते, म्हणते "मागच्या रांगेपर्यंत नाही आलं."

स्टेज

हिप हॉप सुरू झालं तेच पार्टीत. ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये एका बिल्डिंगच्या हॉलमध्ये डीजे कूल हर्कने बहिणीच्या पार्टीत रेकॉर्ड वाजवल्या, आणि त्याची युक्ती काय, एकाच रेकॉर्डच्या दोन कॉपी घेऊन नाचायचा तुकडा लांबवत न्यायचा. म्हणजे समोरचा माणूस हलला पाहिजे, हे मुळात आहे. तुझ्याकडे ब्राँक्स नाही, गणेश मंडळ आहे. दहा दिवसांत एक रात्र मागून घे, ऑर्केस्ट्राच्या आधीची दहा मिनिटं कोणी पण देतं, कारण तेव्हा खुर्च्या लागत असतात.

दहा मिनिटांत तीन गाणी, चार नाही. बीट पेनड्राइव्हवर दोनदा ठेव आणि मोबाईलमध्ये पण, मोबाईल फ्लाइट मोडवर, माझ्या मामाचा फोन एकदा दोन हजार वॅटवर वाजला होता. स्वतःच्या आवाजासकट अख्खं गाणं मागे लावून वर ओठ हलवू नको, लोकांना कळतं. हुकचा (परत परत येणाऱ्या ओळींचा) आवाज मागे हलका ठेव, व्हर्स स्वतः म्हण. पहिली ओळ बीटशिवाय, नुसती बोलल्यासारखी म्हण, खुर्च्या लावणारे पण थांबतात.

माइकची जाळी मुठीत धरू नको. व्हिडिओत भारी दिसतं, पण त्या जाळीच्या मागच्या बाजूने हवा आत जाते म्हणूनच माइकला समोरचं आणि मागचं वेगळं कळतं, ती बाजू झाकलीस की तो सगळीकडचं ऐकायला लागतो, शब्द गढूळ होतात आणि स्पीकरची शिट्टी सुरू होते. शिट्टी झाली की साउंडवाला तुझा आवाज कमी करतो, मग तू ओरडतोस, मग घसा जातो.

आणि त्या साउंडवाल्याशी आधी जाऊन बोल, नाव विचार, काका म्हण, चहा पाज. मी पहिल्या वर्षी त्याच्यावरच भडकलो होतो, मॉनिटर (स्टेजवर आपला आवाज आपल्याला ऐकवणारा स्पीकर) ऐकू येत नाही म्हणून, माइकवरून, सगळ्यांसमोर. पुढच्या दोन गाण्यांत माझा आवाज कुठे गेला कुणाला कळलं नाही. दुसऱ्या वर्षी आधी माफी मागितली, कार्यक्रम झाल्यावर थांबून त्याच्याबरोबर वायरी गुंडाळल्या, वायर कोपराला पिळून गुंडाळायची नसते, एक वळण सरळ आणि एक उलटं घालायचं, नाहीतर आतून तुटते, हे त्यानेच शिकवलं. यंदा परदेशीपुऱ्यातल्या मंडळाचा फोन आला तो त्याने नंबर दिला म्हणून, पंधरा मिनिटं देतायत.